लिव्हरमधली पाण्याची गाठ आणि रक्तातला आकडा

यकृतात, म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण ज्याला लिव्हर म्हणतो त्यात, पाण्याची गाठ निघाली असे सोनोग्राफीच्या कागदावर वाचून घाबरलेली माणसे हल्ली माझ्याकडे वरचेवर येतात. त्यांचे घाबरणे मी समजू शकतो. 'गाठ' हा शब्दच आपल्याकडे असा आहे की तो कानावर पडल्यावर पुढचे काही ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी राहत नाही. पण अलीकडे या कागदाला आणखी एक कागद टाचलेला असतो. त्यावर 'ट्यूमर मार्कर' असे शीर्षक असते, खाली सीए १९-९, सीईए, एएफपी अशी अक्षरे असतात आणि एखादा आकडा जाड ठशात छापलेला असतो. त्या जाड ठशाचा अर्थ काय घ्यायचा, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम ही गाठ कसली ते पाहू. यकृत ही शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी. उजव्या बरगड्यांच्या आड असते, वजन साधारण दीड किलो. ती पित्त तयार करते आणि ते पित्त बारीक बारीक नलिकांच्या जाळ्यातून पित्ताशयाकडे व आतड्याकडे जाते. गर्भावस्थेत हे जाळे तयार होत असताना काही सूक्ष्म नलिका मुख्य जाळ्याशी जोडल्या जात नाहीत. त्या बाजूला पडून राहतात. त्यांच्या आतल्या अस्तरातून पाण्यासारखा द्रव पाझरत राहतो आणि पुढे कित्येक वर्षांनी तिथे पातळ पाण्याने भरलेली एक पिशवी तयार होते. हीच साधी सिस्ट. चाळिशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, ती अधिक आढळते. बहुतेकांना तिचा आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. आपल्या भागात सोनोग्राफीची यंत्रे नव्हती तेव्हा या गाठी नव्हत्या असे नाही. कोणी आत डोकावून पाहत नव्हते, एवढेच. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कित्येक जणी अशी गाठ घेऊन ऐंशी वर्षे शेतात राबल्या असतील.

आता एका रुग्णाची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तालुक्यातल्याच एका गावच्या बावन्न वर्षांच्या बाई. दहा वर्षांपासून मधुमेह. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने प्रेमापोटी आईची 'फुल बॉडी चेकअप' नावाची तपासणी करून घेतली. घरी येऊन रक्त नेले, सोनोग्राफी झाली. लिव्हरच्या उजव्या भागात चार सेंटिमीटरची सिस्ट निघाली आणि सीए १९-९ हा आकडा ८४ आला. कागदावर मर्यादा ३७ लिहिली होती. रिपोर्ट मोबाईलवर आला तो रात्री दहा वाजता. आकड्याचा अर्थ सांगायला तिथे कोणी नव्हते.

माझ्याकडे आले तेव्हा घरातले पाच जण बरोबर होते. बाईंनी चार दिवस धड जेवण घेतले नव्हते. मुलीच्या लग्नाची बोलणी थांबवली होती. रस्त्याकडेची वीस गुंठे जमीन विकायला काढायची, असे थोरल्या दिरांनी ठरवलेही होते. ते मला म्हणाले, "डॉक्टर, चौऱ्याऐंशी म्हंजी किती टक्के कॅन्सर वो?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. शिकलेली माणसेही मनातल्या मनात हाच प्रश्न विचारतात, फक्त बोलून दाखवत नाहीत. साखर वाढली की मधुमेह, तसा मार्कर वाढला की कॅन्सर, अशी आपली समजूत झाली आहे. आणि इथेच सगळी गल्लत होते.

मार्कर म्हणजे काय?

ट्यूमर मार्कर म्हणजे काही कर्करोगांच्या पेशी रक्तात अधिक प्रमाणात सोडतात असा पदार्थ. पण तो पदार्थ फक्त कर्करोगाच्याच पेशी सोडतात असे नाही. नेहमीच्या, निरोगी पेशीही तो थोड्या प्रमाणात तयार करीत असतात. एएफपी म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन. मॉस्कोच्या गॅरी आबेलेव्ह यांना १९६३ मध्ये यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांत ते सापडले. पोटातल्या गर्भाचे यकृत हेच प्रथिन भरपूर बनवते, म्हणून गरोदर बाईच्या रक्तात ते वाढलेले असते. सीईए हा पदार्थ १९६५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे गोल्ड आणि फ्रीडमन या दोघांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शोधला. नुसत्या विडी-सिगारेट ओढण्यानेही तो वाढतो. सीए १९-९ हा अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत १९७९ मध्ये कोप्रोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. तो मुख्यतः स्वादुपिंडाच्या आणि पित्तमार्गाच्या कर्करोगाशी जोडला गेला. काही माणसांच्या रक्तगटाची ठेवणच अशी असते की त्यांचे शरीर सीए १९-९ बनवूच शकत नाही. अशा माणसाला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तरी हा आकडा वाढणार नाही. म्हणजे वाढलेला आकडा रोग असल्याचा पुरावा होत नाही आणि न वाढलेला आकडा रोग नसल्याची हमी देत नाही.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. साध्या सिस्टचे आतले अस्तर पित्तनलिकेच्या अस्तराचेच असते हे वर सांगितले. सीए १९-९ हा पदार्थ तयार करणाऱ्या पेशी नेमक्या याच जातीच्या. म्हणजे सिस्टचे निरुपद्रवी अस्तरसुद्धा तो बनवते आणि पिशवीतल्या पाण्यात साठवते. त्या पाण्यात मोजला तर आकडा कधी कधी हजारांच्या घरात निघतो. त्यातला थोडा अंश रक्तात उतरतो. सिस्टमध्ये रक्तस्राव झाला किंवा जंतुसंसर्ग झाला तर रक्तातला आकडा एकदम उसळतो आणि कालांतराने खाली येतो. मोठ्या साध्या सिस्टवर शस्त्रक्रिया केल्यावर वाढलेला सीए १९-९ पूर्ववत झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कर्करोग तिथे नव्हताच.

याखेरीज हा आकडा वाढवणारी कारणे आपल्या रोजच्या पाहण्यातली आहेत. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली की तो शेकड्यांत जातो, आणि खडा काढल्यावर उतरतो. स्वादुपिंडाला सूज आली तरी वाढतो. आणि मधुमेह बराच काळ आटोक्याबाहेर असेल तरीही थोडाफार वाढतो. आमच्या या बाईंची उपाशीपोटीची साखर २२० होती! मार्करच्या जाड ठशापुढे त्या आकड्याकडे घरातल्या कोणाचेच लक्ष गेले नव्हते, आणि खरे पाहता त्यांच्या प्रकृतीला धोका होता तो त्याच आकड्यापासून.

'नॉर्मल' ही मर्यादा ठरवली कशी जाते, तेही वाचकांनी समजून घ्यावे. पुष्कळ तपासण्यांत निरोगी माणसांचे रक्त तपासून, त्यांपैकी शंभरात पंचाण्णव जण ज्या पट्ट्यात बसतील तो पट्टा 'नॉर्मल' धरतात. उरलेले पाच जण निरोगी असूनही पट्ट्याबाहेर राहतात. समजा, आठवडी बाजारातली हजार धडधाकट माणसे रांगेत उभी करून त्यांची अशी एक तपासणी केली, तर पन्नासेक जणांच्या कागदावर जाड ठसा येईल. त्या पन्नासांत स्वादुपिंडाचा कर्करोग असलेला एक तरी निघेलच असे नाही. आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा वीस तपासण्या एकाच माणसाच्या केल्या, तर त्यांतली एखादी तरी पट्ट्याबाहेर येण्याची शक्यता हिशेबाने ६४ टक्के निघते. पॅकेजमध्ये तपासण्या जितक्या जास्त तितका फायदा, असे जाहिरातीत म्हणतात. फायदा कोणाचा ते लिहीत नाहीत. असो.

मग पाहायचे काय?

लिव्हरमधल्या गाठीच्या बाबतीत ती दिसते कशी याला पहिला मान आहे. युरोपातील यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये यकृतातील सिस्टविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की साधी सिस्ट आणि पुढे कर्करोगाकडे झुकू शकणारी सिस्ट यांतला फरक सीए १९-९ किंवा सीईए यांवरून करता येत नाही, मग ते रक्तात मोजा वा सिस्टच्या पाण्यात मोजा. आणि साध्या सिस्टचा त्रास नसेल तर तिच्या मागे लागून पुनःपुन्हा तपासण्या करण्याचीही गरज नाही, असेही त्यांत आहे.

सोनोग्राफीच्या कागदावर काही शब्द असतात, ते ओळखता आले तर निम्मी भीती जाते. 'ॲनएकोइक' म्हणजे गाठीच्या आत फक्त पाणी आहे, ती पूर्ण काळी दिसते. 'थिन वॉल' म्हणजे भिंत पातळ. 'नो सेप्टेशन' म्हणजे आत पडदे नाहीत. हे तिन्ही असतील आणि खाली 'सिंपल सिस्ट' लिहिले असेल, तर प्रकरण बहुधा तिथेच संपते. त्या कागदानंतर मार्कर करण्याचे कारण उरत नाही. गाठ फार मोठी होऊन पोटात जडपणा, लवकर पोट भरल्यासारखे वाटणे, दुखणे असा त्रास असेल, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तिचे छप्पर कापून काढतात किंवा पाणी काढून आत औषध सोडतात. नुसते पाणी काढले तर ते बहुधा पुन्हा भरते.

उलट 'थिक सेप्टेशन' म्हणजे आत जाड पडदे, किंवा 'म्यूरल नोड्यूल' म्हणजे भिंतीला आतून मांसल गोळा, असे शब्द असतील तर मार्कर नॉर्मल आला तरी स्वस्थ बसू नये. म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम नावाची एक विरळा गाठ असते. पूर्वी तिला सिस्टॲडिनोमा म्हणत. ती जवळजवळ फक्त स्त्रियांमध्ये, बहुधा चाळिशीच्या पुढे, आणि अनेकदा यकृताच्या डाव्या भागात होते. तिच्यात पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून ती अर्धवट कापून चालत नाही, संपूर्ण काढावी लागते. तिची शंका आली तर पुढची पायरी एमआरआय. साध्या सिस्टमध्ये जुना रक्तस्राव झाला असेल तर आत धागे व पडदे दिसून फसगत होऊ शकते, तोही उलगडा एमआरआयने बहुधा होतो.

काही घराण्यांत लिव्हरमध्ये एक-दोन नव्हे तर पुष्कळ सिस्ट असतात आणि मूत्रपिंडातही असतात. हा आनुवंशिक प्रकार. तिथे रक्तदाब व क्रिएटिनिन तपासणे अगत्याचे. अशा स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

कुत्रा, मेंढरू आणि माणूस

आता ज्या गाठीबद्दल मला मुद्दाम लिहायचे आहे तिच्याकडे वळतो. युरोपातले डॉक्टर जो प्रश्न क्वचितच विचारत असतील, तो कोरेगावात बसून मी प्रत्येक सिस्टवाल्याला पहिल्यांदा विचारतो: घरी कुत्रा आहे का? मेंढरे-शेरडे आहेत का, किंवा पूर्वी होती का?

आपला तालुका माण-खटावला लागून आहे. मेंढपाळांचे कळप इकडे येतात, खतासाठी रानात मेंढरे बसवली जातात. कळपाबरोबर राखणीची कुत्री असतात. या कुत्र्यांच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचा एक बारीक जंत राहतो. कुत्र्याला त्याचा फारसा त्रास नसतो. त्याच्या विष्ठेतून जंताची अंडी गवतावर, भाजीवर, पाण्यात पडतात. ते गवत मेंढराने खाल्ले की त्याच्या कलेजीत किंवा फोपशात पाण्याच्या गाठी होतात. मेंढरू कापले, गाठी असलेली कलेजी खाटकाने किंवा जत्रेत आपणच कुत्र्यापुढे टाकली, की कुत्र्याच्या पोटात पुन्हा जंत तयार. असे हे चक्र चालते. माणूस या चक्रात मध्येच सापडतो, कुत्र्याला कुरवाळून हात न धुता भाकरी खाल्ल्याने किंवा न धुतलेली कच्ची मेथी, मुळा, कांद्याची पात खाल्ल्याने. मटण खाल्ल्याने हा रोग माणसाला होत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण रोगाचे कारण कळल्यावर मटण सोडून कुत्रा तसाच उशाशी घेणारे लोक मी पाहिले आहेत.

या गाठीला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. ती फार सावकाश वाढते. लहानपणी पोटात गेलेल्या अंड्याची गाठ तिशी-चाळिशीत कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २००३ मध्ये सोनोग्राफीतल्या दिसण्यावरून तिचे टप्पे ठरवून दिले आहेत. कधी भिंत दुहेरी रेघेची दिसते, कधी मोठ्या गाठीत पिल्लांसारख्या लहान गाठी असून मधाच्या पोळ्यासारखे चित्र दिसते, कधी आतले पापुद्रे सुटून पाण्यात तरंगतात, तर कधी गाठ आटून तिच्यावर चुनखडीचे कवच येते. शेवटच्या टप्प्यातल्या मेलेल्या गाठीला बहुधा काही करावे लागत नाही. जिवंत गाठीला टप्प्यानुसार अल्बेंडाझोलचा दीर्घ कोर्स, विशिष्ट पद्धतीने सुईने पाणी काढून आत औषध सोडणे, किंवा शस्त्रक्रिया, असे उपचार आहेत. शाळेत मुलांना जंतासाठी देतात त्या एका गोळीने हे काम होत नाही. आठवडेच्या आठवडे औषध घ्यावे लागते, आणि त्या काळात यकृताच्या व रक्तपेशींच्या तपासण्या कराव्या लागतात. गरोदरपणात हे औषध टाळतात. मेडिकलमधून आणून आपल्या मनाने घेण्याचे ते औषध नव्हे.

या रोगात ट्यूमर मार्करचा उपयोग शून्य. त्यासाठी रक्ताची वेगळी, हायडॅटिडच्या प्रतिद्रव्यांची तपासणी असते. तीही काही रुग्णांत खोटी निगेटिव्ह येते, म्हणून ती सोनोग्राफीच्या जोडीने वाचावी लागते. गाठ पित्तनलिकेत फुटली असेल तर सीए १९-९ वाढलेला सापडतो आणि डॉक्टरही काही वेळ भलत्या वाटेला लागू शकतात.

खरी भीती मात्र आणखी वेगळी आहे. एक चाळिशीचा मेंढपाळ, आठ सेंटिमीटरची गाठ. कुठल्याशा शिबिरात त्याचे मार्कर झाले, सगळे नॉर्मल आले, आणि 'कॅन्सर नाही, साधी पाण्याची गाठ आहे, सुईने पाणी काढून टाकू' असे त्याला सांगण्यात आले. तो सुई टोचून घेण्याआधी माझ्याकडे सल्ल्याला आला, कारण बायको म्हणाली आधी गावच्या डॉक्टरला दाखवा. हायडॅटिडची गाठ पूर्वतयारीशिवाय टोचली तर आतले पाणी पोटात सांडते. त्या पाण्याची जबरदस्त ॲलर्जी येऊन रक्तदाब एकदम कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो. त्यातून वाचला तरी सांडलेल्या कणांपासून पोटभर नव्या गाठी होऊ शकतात. मेंढपाळ आहे एवढे कोणी विचारले असते तरी सुईचा विषय निघाला नसता. त्याची प्रतिद्रव्य तपासणी पॉझिटिव्ह आली, आधी अल्बेंडाझोल सुरू केले आणि मग मोठ्या रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तो आता पुन्हा कळपामागे फिरतो. मात्र कुत्र्यांना वेळच्या वेळी जंताचे औषध देतो.

सिस्टचे पाणी काढून त्यात मार्कर मोजावेत का, असे कोणी विचारील. टॅग-७२ नावाचा एक मार्कर सिस्टच्या पाण्यात मोजला तर साधी सिस्ट आणि म्युसिनस सिस्ट ओळखायला मदत होईल अशी चिन्हे संशोधनात दिसली आहेत. पण ती तपासणी आपल्याकडच्या प्रयोगशाळांच्या नेहमीच्या यादीत नाही. शिवाय केवळ मार्कर मोजण्यासाठी गाठीत सुई घालणे मला पटत नाही. हायडॅटिड असेल तर काय होते ते वर लिहिलेच आहे, आणि म्युसिनस गाठ असेल तर ती सुईच्या वाटेने पसरण्याचा धोका राहतो.

अमिबामुळे होणारा यकृताचा गळूही सोनोग्राफीत सिस्टसारखा दिसू शकतो. पण तिथे ताप असतो, उजव्या बरगडीखाली दाबल्यावर माणूस ओरडतो, आणि रुग्ण बहुधा दारू पिणारा पुरुष असतो. औषधाने तो बरा होतो. त्याच्यासाठी मार्कर पाठवून दोन दिवस वाट पाहणे म्हणजे घराला आग लागली असता विहिरीच्या पाण्याची तपासणी करण्यासारखे आहे.

याचा अर्थ मार्कर निरुपयोगी आहेत असा कोणी काढू नये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर रोग परत येतो का हे पाहायला सीईए मोलाचा. स्वादुपिंडाच्या कर्करोगात उपचार लागू पडतात का हे सीए १९-९ सांगतो. लिव्हर सिरोसिस झालेल्यांना, आणि जुनी हिपॅटायटिस बी असलेल्यांपैकी ज्यांना डॉक्टर सांगतील त्यांना, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व जोडीला एएफपी करावी. अशा माणसाच्या लिव्हरमध्ये पाण्याची नव्हे तर भरीव गाठ दिसली आणि एएफपी खूप वाढलेला असेल, तर एक दिवसही दवडू नये. तिथेही एएफपी नॉर्मल आला म्हणून कर्करोग नाही असे होत नाही. बऱ्याच रुग्णांत तो वाढतच नाही. मार्कर हा आधी ठरलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उपयोगी पडतो. प्रश्नच नसताना मागवलेले उत्तर घेऊन काय करायचे हे मलाही समजत नाही.

पण कागद हातात आलाच असेल आणि आकडा वाढलेला असेल, तर तो फाडून टाकण्याचाही सल्ला मी देणार नाही. आमच्या त्या बाईंच्या बाबतीत काय केले ते सांगतो. प्रथम कावीळ, ताप, वजन घटणे, पाठीत जाणारी पोटदुखी यांबद्दल विचारले. यांपैकी काही नव्हते. लिव्हरच्या रक्ततपासण्या ठीक होत्या. साताऱ्याला अनुभवी डॉक्टरांकडून सोनोग्राफी पुन्हा करून घेतली, पित्ताशय व पित्तनलिका मुद्दाम पाहायला सांगितल्या. सिस्ट साधीच होती. स्वादुपिंडाचा शेवटचा भाग पोटातल्या वायूमुळे सोनोग्राफीत नीट दिसत नाही, म्हणून एकदा सीटी स्कॅन केला. तो स्वच्छ निघाला. मग साखर आटोक्यात आणली आणि तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत सीए १९-९ परत केला. ४६ आला. म्हणजे ३७ च्या वरच, पण उतरता. मुलीचे लग्न झाले, जमीन शाबूत आहे. मी मार्कर आता बंद केला आहे, आणि तीन-तीन महिन्यांची साखरेची सरासरी मात्र सोडत नाही. त्यांना मधुमेह जुना होता. पन्नाशीनंतर नव्यानेच मधुमेह निघाला आणि त्याबरोबर वजन उतरत असेल, तर मात्र स्वादुपिंडाची तपासणी लवकर करावी.

'त्याच प्रयोगशाळेत' असे लिहिले ते सहज नव्हे. वेगवेगळ्या यंत्रांवर व किटवर हा आकडा वेगवेगळा येतो. एकीकडे ६०, दुसरीकडे ९० आला म्हणजे आजार दीडपट झाला असे नसते. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर अशा तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. रक्त देण्यापूर्वी ते सांगावे.

डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट न नेता सोनोग्राफीच्या फिल्मही न्याव्यात. जुना रिपोर्ट असेल तर तो शोधून काढावाच. पाच वर्षांपूर्वी बाळंतपणाच्या किंवा मूतखड्याच्या सोनोग्राफीत हीच गाठ एवढ्याच आकाराची असल्याचे आढळले, तर त्या जुन्या कागदाइतके मोठे औषध नाही. नवी सोनोग्राफी करायची असेल तर सकाळी उपाशीपोटी जावे, चहासुद्धा घेऊ नये, नाहीतर पित्ताशय आकसते आणि नीट दिसत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांना घरातल्या कुत्र्या-मेंढरांविषयी आपण होऊन सांगावे, त्यांनी विचारले नाही तरी.

आणि गावात कोणाकडे मेंढरू कापले आणि कलेजीत पांढरट पाण्याच्या पिशव्या दिसल्या, तर ती कलेजी कुत्र्यापुढे टाकू नये, उकिरड्यावरही टाकू नये. जाळावी किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतकी खोल पुरावी. कुत्र्याला द्यायच्या प्राझीक्वांटेलच्या गोळीबद्दल आणि ती किती दिवसांनी द्यायची याबद्दल जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.